मागच्या बाकावर

"सर, परत रेघेबाहेर गेलात."

निवृत्त झालेल्या गणिताच्या सरांनी व्हीआर हेडसेट कपाळावर सरकवला. "एकदम काळोख झाला. वीज गेली की काय?"

"वीज आहे, सर." त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीला हसू आलं. आता ती असे आभासी धडे बनवायची. हेडसेट घातलेला माणूस भिंतीवर आपटू नये म्हणून तिने हेडसेटला फरशीवर चौकोन आखून दिला होता. त्यापलीकडे पाऊल पडलं की चित्र बंद, रेकॉर्डिंग बंद. सकाळपासून चौथ्यांदा. खोली पाचपर्यंतच मिळाली होती, आणि उद्या सर कायमचे मुलाकडे राहायला निघणार होते. शंकूचा धडा मात्र तिला सरांच्याच हातचा हवा होता.

"पाचव्यांदा. करा सुरू," ती म्हणाली.

सरांच्या पुढ्यात शंकू उभा राहिला, तिच्या संगणकावरही. त्यांनी तो आडवा कापला. वर्तुळ. काप थोडा तिरका केला, वर्तुळ लांबट झालं. "पेनं खाली," सर म्हणाले. "लिहायचं नंतर, आधी बघायचं." तिने हातातलं पेन टेबलावर ठेवलं, आणि मग तिच्या लक्षात आलं, आपण आता वर्गात नाही.

काप शंकूच्या उताराशी समांतर झाला. "आता याची दोन टोकं कधीच जुळणार नाहीत."

सरांनी नसलेला खडू बोटांवरून झटकला आणि डावीकडे दोन पावलं टाकली. पडदा काळा.

"सर! दर वेळी तिकडे काय आहे हो?"

"मग फळ्यापुढे ठाण मांडून उभा राहू? मागच्या बाकावर दिसायला नको?"

"यात कुणी कुणाच्या आड येत नाही. ज्याच्या त्याच्या डोळ्यांपुढे सगळं. मागचा बाकच नाही, सर."

"अरेच्चा." सरांनी हेडसेट पुन्हा कपाळावर सरकवला. "मग तू कुठे बसली असतीस?"

तिने घड्याळ बघितलं. पाचला दहा कमी. मग तिने डावीकडचं टेबल संगणकासकट भिंतीपर्यंत ढकललं, डावीकडची रेघ दोन पावलं पुढे आखली आणि दुसरा हेडसेट घालून पार मागे, भिंतीला टेकून जमिनीवर बसली.

या वेळी सर बाजूला झाले आणि चित्र तसंच राहिलं. "दिसतंय का मागे?"

"दिसतंय, सर."

तिचं बोलणंही रेकॉर्ड झालं होतं. तिने ते धड्यातून काढलं नाही.