हरेश्वरची चढाई

हरेश्वरने हात वर केला आणि कान्हाला बाद दिले.

एकोणीसशे चौतीसचा शिमगा. थळच्या वाळूवर हुतूतू बघायला जमलेली माणसे एकमेकांकडे बघू लागली. कान्हा नुकताच एका दमात चौलच्या चार गड्यांना शिवून मधली रेषा ओलांडून आला होता. सतरा वर्षांचे पोर, आणि अशी चढाई! खास त्याला बघायला मुंबईहून आलेले तालमीचे वस्ताद खुर्चीतून उठून टाळ्या वाजवत होते. आणि पंच हरेश्वर म्हणत होता, पोराचा दम मधेच तुटला.

मग जो गलका उठला तो विचारू नका. दम तुटल्याचे कुणीच ऐकले नव्हते. चौलच्या गड्यांनीसुद्धा नाही, आणि ते तर त्यासाठीच टपून होते.

"जलतंय मेला," कान्हाची आई आवडाबाई म्हणाली. "सोताचं नाव बुडालं, आता माज्या पोराचं बुडवतंय."

हरेश्वरच्या ते वर्मी लागले, कारण नाव बुडाले होते हे खरेच. आठ वर्षांपूर्वी तोही सतराचाच होता. याच वाळूवर त्याने एका चढाईत पाच गडी मारले आणि रेवदंड्यापासून मांडव्यापर्यंत त्याच्या नावाचा डंका वाजला. गावाने मिरवणूक काढली. मुंबईच्या एका गिरणीने त्याला आपल्या संघात उचलले. तिथे मात्र तशी चढाई त्याला पुन्हा कधी जमली नाही. कुणी म्हणे दृष्ट लागली, कुणी म्हणे मुंबईचे पाणी बाधले. दोन वर्षांत गिरणीने हातात नारळ दिला आणि स्वारी मुकाट्याने बापाच्या होडीवर जाळी ओढू लागली. मुंबईच्या सामन्यांच्या गोष्टी तो रंगवून सांगे, पण त्या चढाईबद्दल कधी चकार शब्द काढत नसे. लोकांना या विनयाचे फार कौतुक.

आता कौतुक संपले होते. थळच्या संघाचा म्होरक्या धर्माजी अंगावर धावून आला. निकाल फिरव, नाहीतर पुन्हा या वाळूवर पंच म्हणून उभा राहू नकोस, असे त्याने बजावले. हरेश्वरपाशी आता पंचाचा मान तेवढा उरला होता.

"कान्हा बाद हाय," तो म्हणाला.

कान्हा मान खाली घालून बाहेर बसला. खेळ पुन्हा सुरू झाला. थळची बाजू ढासळत गेली. शेवटी धर्माजीने कसाबसा एक गडी मारला आणि त्या बदल्यात कान्हा आत आला. चौलचे तिघे उरले होते. चढाई शेवटची.

कान्हा गेला. हरेश्वर कडेकडेने कान टवकारून सरकत होता. हुतूतू अखंड चालू होते. एक गडी, दुसरा गडी. तिसऱ्याने कंबरेला मिठी मारली. कान्हा फरपटत आला, चेहरा लालबुंद, पण आवाज थांबला नाही. त्याची बोटे रेषेपार टेकली.

"थल जिंकला!" हरेश्वर इतक्या जोरात ओरडला की त्याचा घसाच बसला. त्याच्या डोळ्यांना धार लागली होती. असा आनंद त्याला स्वतःच्या मिरवणुकीतही झाला नव्हता.

ढोल वाजले. आवडाबाईने साऱ्या गावावर गुलाल उधळला, फक्त हरेश्वरला वगळून. वस्तादांनी कान्हाला उद्याच मुंबईला न्यायचे ठरवून टाकले.

लोकांच्या खांद्यावरून उतरून कान्हा थेट हरेश्वरकडे आला आणि त्याच्या पाया पडला.

"दादा, मगाशी मी दम चोरला व्हता," तो हळूच म्हणाला. "दर्याकडं तोंड करून, लाट फुटली तवा. कुनालाच आयकू आला न्हाय. तुला कसा आला?"

"मलाबी न्हाय आला," हरेश्वर म्हणाला. "पन त्या पाच गड्यांच्या टायमाला मीबी तसाच चोरला व्हता."