मेहुण्याच्या कथेतला आरसा

न्हाव्यानं धाकट्या लेकीचं लग्न उरकलं त्या वर्षीची गोष्ट. त्याचा मेहुणा दुकानात दाढीला बसला होता. तो विज्ञानकथा लिहायचा, आणि न्हाव्याच्या लेखी ते रिकामटेकड्याचं काम होतं.

"तुझ्या उडत्या गाड्या कुठं अडल्या?" त्याच्या गालांना फेस लावत न्हाव्यानं विचारलं. "शंभर खडे मारायचे, एक लागला की नेमबाज म्हणून मिरवायचं."

"नव्या कथेत तुमचाच आरसा घातलाय, दाजी. त्यात जरा पुढचं दिसतं."

"जोतिषी निदान हात तरी बघतो. तू छताकडं बघून थापा मारतोस."

न्हाव्यानं वस्तरा उचलला. आरशात मेहुणा शिंकला. सवयीनं न्हाव्यानं हात मागं घेतला, आणि मग मेहुणा खुर्चीत शिंकला.

न्हावी थबकला. आरशात मेहुण्याचा एक गाल साफ झाला होता. खुर्चीत अजून दोन्ही गालांवर फेस होता.

"काय झालं, दाजी?"

"काही नाही. डोळे म्हातारे झाले." असल्या थापाड्यापुढं हार मानणं त्याला मरणाहून कठीण होतं. त्यानं वस्तरा फिरवून तोच गाल साफ केला.

मग त्याची नजर पुन्हा वर गेली. आरशात मेहुणा खुर्चीतून उठला होता. दुसऱ्या गालावरचा फेस तसाच होता. तो जमिनीकडं वाकून कुणाला तरी हाका मारत होता. न्हावी आरशात कुठंच नव्हता.

खुर्चीतला मेहुणा डोळे मिटून निवांत बसला होता. "बोला की, दाजी. कशी वाटली कथा?"

"भिकार," न्हावी म्हणाला.

न्हावी त्याच सकाळी वारला, मेहुण्याचा दुसरा गाल करायच्या आधी.