चावी कुणाच्या खिशात

भिंतभर पडद्यावर अख्खा जळगाव जिल्हा पसरला होता, आणि लाइनमन उखर्डूनाना त्यात आपलं भडगाव शोधत होते. एकतीस वर्षं ज्या तारांखालून सायकल हाणली, त्या सगळ्या तारा इथं हिरव्या रेघा होऊन बसल्या होत्या. आधी गिरणा सापडली, मग पूल, मग पलीकडचा फाटा.

"आरे बाप रे! हाऊ ते मना खांब शे!"

कंट्रोल रूममधली मयुरी खुर्ची वळवून हसली. "कुठला, नाना?"

"हा. सत्तेचाळीस नंबर. याच्यावर मधमाशांनी फोडून काढलं होतं मला. आठ दिवस बायको ओळखत नव्हती."

त्या खांबापासची रेघ मात्र करडी होती, आणि पुढची सहा गावंही करडीच. ते नानांना माहीतच होतं. जुनी तार बदलायची म्हणून सकाळी लाइन त्यांनीच बंद केली होती. जोडीदार योगराज सत्तेचाळीसवर चढला आणि तेवढ्यात साहेबांची जीप येऊन थांबली. नाना, चला जळगावला, नवी सिस्टीम बघून घ्या.

या दोघांचा एक शिरस्ता होता. एकानं चढायचं. दुसऱ्यानं खालच्या स्विचचा दांडा ओढून लाइन तोडायची, दांड्याला कुलूप घालायचं आणि चावी आपल्या खिशात ठेवायची. चढलेला माणूस जमिनीला पाय लावून, हात पुढे करून 'चावी दे' म्हणेपर्यंत चावी बाहेर निघणार नाही, मग फोन साहेबाचा येवो की मंत्र्याचा. सह्या, परवाने सगळे कागदावर. जीव त्या चावीवर. आजही खाली ठेकेदाराची चार माणसं होती, पण चावी काय परक्याच्या हातात द्यायची? योगराजच वरून ओरडला होता, "जाय नाना, चावी तुना खिसामा शे ना? मंग कसानी चिंता?"

म्हणून चावी जीपमध्ये बसून जळगावला आली होती. नाना मधूनमधून खिसा चाचपून बघत आणि निवांत होत.

"आता गंमत बघा," मयुरी म्हणाली. "तुमच्या कामामुळे ही सहा गावं सकाळपासून बिनलाइटची आहेत ना? त्यांना पाचोऱ्याकडून लाइट देते."

"इथून?"

"इथूनच."

पाचोऱ्याकडची ती नवी तार नानांनीच तर ओढली होती गेल्या महिन्यात. पण साठ किलोमीटरवर बसलेली पोरगी एका बोटानं ती चालू करील, हे काही त्यांच्या टाळक्यात शिरलं नव्हतं. मयुरीनं माउस दाबला. पार टोकाचं गाव हिरवं झालं. मग त्याच्या अलीकडचं. मग तिसरं. नानांनी तोंडात बोट घातलं.

चौथं गाव हिरवं झालं तेव्हा ते बोट तसंच राहिलं. रेघ कुठं चालली होती? सरळ सत्तेचाळीसकडे. कुलूप भडगावच्या बाजूला होतं, आणि ही लाइट मागल्या दारानं घरात शिरत होती. खिशातल्या चावीला कुत्रं विचारत नव्हतं.

"बंद कर! माय, बंद कर! योगराज वर चढेल शे!"

नानांची खुर्ची धाडकन मागे पडली. मयुरीनं नानांचं मनगट धरलं. "नाना, काही होत नाही. बघा तुम्ही."

पाचवं. सहावं. नानांना बघवेना, आणि नजरही हलवता येईना.

आणि रेघ थांबली. सत्तेचाळीसच्या दोन खांब अलीकडे, जिथं पावसाळ्यात त्यांनीच शिव्या देत नव्या स्विचची एक लोखंडी पेटी टांगली होती, बरोबर तिथं. तिच्या पलीकडे सगळं करडं, आणि त्या करड्यात इवलासा लाल झेंडा. झेंड्याखाली नाव होतं: योगराज.

"हे कोणी लावलं?"

"मी. चढण्याआधी योगराजभाऊंनी फोन केला होता. धुळ्याच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलंय ना तसं."

धुळ्याच्या ट्रेनिंगला 'दोन दिवसांचं फुकटचं जेवण' म्हणून नानांनी योगराजची केवढी टर उडवली होती! त्यांनी झेंड्याखालचं नाव पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "आणि तू चुकून दाबलंस तर?"

"सिस्टीम ऐकतच नाही. एक नंबर मागते. तो फक्त योगराजभाऊंच्या मोबाइलवर गेलाय. मला माहीत नाही, साहेबांनाही नाही. ते खाली उतरून सांगतील तेव्हाच झेंडा निघणार."

नानांनी पडलेली खुर्ची सरळ केली आणि तिच्यावर बसले. डोळे पडद्यावरून निघत नव्हते. सहा गावांत पंखे फिरत होते आणि त्यांच्या मधोमध योगराज निर्धास्त तार बांधत होता. एकतीस वर्षं चढणाऱ्याचा जीव खालच्याच्या खिशात असायचा. आणि आज तो त्याच्या स्वतःच्याच खिशात होता. असंही होऊ शकतं? नानांच्या अंगावर सर्रकन काटा आला.

तासाभरानं फोन वाजला. मयुरीनं तो स्पीकरवर टाकला. योगराजनं चार आकडे सांगितले. झेंडा गेला, आणि रेघ अलगद पुढे सरकत सत्तेचाळीसपर्यंत हिरवी झाली.

"नाना तठे शे का?" योगराजनं विचारलं.

"शे. बोल."

"उतरनू मी. चावी दे."

सवयीनंच म्हणाला तो. नाना उठले, पडद्याजवळ गेले, खिशातून चावी काढली आणि सत्तेचाळीस नंबरच्या खांबासमोर हात पुढे केला.

"धर," ते म्हणाले.