विक्रीचा झोपाळा

दुपारी गिऱ्हाईक नसलं की कुमुदताई आपल्या दुकानातल्या सागवानी झोपाळ्यावर बसायच्या. पितळी कड्या किणकिणत, डोळे मिटत आणि सगळं दुकान होडीसारखं तरंगू लागे.

"ताई, हा झोपाळा विक्रीचा की तुमचा?" हिशेब तपासायला आलेल्या करसल्लागारानं विचारलं. "विकायला आणलेली वस्तू स्वतः वापरली, तर तिचा कर भरावा लागतो."

"विक्रीचाच हो!" चोरी पकडल्यासारख्या ताई उठल्या, पदरानं फळी पुसू लागल्या. उभ्या जन्मात त्यांनी स्वतःसाठी म्हणून काही घेतलंच नव्हतं. मध्येच त्यांचा हात थांबला.

"भरून टाका कर," त्या म्हणाल्या आणि किमतीची चिठ्ठी सोडवली.

संध्याकाळी एका जोडप्यानं झोपाळ्याची किंमत विचारली.

"गेला हो तो," हलकेच झोका घेत ताई म्हणाल्या.

"कुणी घेतला?"

"मी."