तोंड नीट दिसलं पाहिजे

फोन वाजून वाजून थांबला, तरी लीलाबाईनं झेंडूच्या हारातून मान वर केली नाही.

"माय, रूपालीचा फोन होता," मनोज तिच्यासमोर येऊन बसत म्हणाला.

"असू दे. फोनवर नाई बोलत मी कोणाशी."

मनोजनं कपाळाला हात लावला. बहिणीनं अकोल्याच्या पोराशी स्वतःच्या मर्जीनं लग्न केलं, त्याला वर्ष होत आलं. मायनं तेव्हा ना आदळआपट केली, ना आशीर्वाद दिला. फक्त तिचा फोन घेणं सोडलं. माय घरी ये म्हणते, असा निरोप मनोजनं दिला, तर रूपालीचं उत्तर ठरलेलं. "मायनं सोताच्या तोंडानं बोलावलं तर येईन. नाई तर समजीन, तिनं मले टाकलं." खाण तशी माती.

लीलाबाई मुळातच तऱ्हेवाईक. अमरावतीच्या फूलबाजारात गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं अशी टक लावून बघायची, की ते बिचारं भाव पाडायचंच विसरून जाई. घरी मर्जी नसली की पाठमोरी बसून राही, मग मारा दहा हाका. मनोजला त्या हट्टाचा राग येई आणि रागाहून जास्त मायाच येई.

"लॅपटॉपवर दाखव तिले," ती आता म्हणाली. "तुह्या मोबाइलच्या काचेत चेहरा बोराएवढा दिसते. तोंड नीट दिसलं तर बोलीन, नाई तर राहू दे."

लॅपटॉप मनोजच्या कॉलेजातला. नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात नोकरी लागल्यापासून घरीच पडून होता. विंडोज झेपेना म्हणून मनोजनं त्यावर लिनक्स टाकलं होतं. मागच्या रविवारी त्यावरून कॉल लावला, तर आवाज चोख आणि चित्र मात्र अडखळत मागं राहणारं. रूपाली आधी बोले, तिचे ओठ नंतर हलत. पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायला लागला. लीलाबाई घडीभर बघत बसली आणि उठून गेली. तिकडं रूपालीला हुंदका फुटला.

"अजून एक डाव लाव दादा," ती नंतर मनोजला म्हणाली. "माय उठून गेली तर पुन्हा माह्यं नाव नको काढू तिच्यापुढं."

म्हणून आज मनोज दुपारपासून त्याच कामाला लागला होता. दुखणं सापडलं. ब्राउझर व्हिडिओ उलगडायचं सगळं ओझं प्रोसेसरवर टाकत होता, आणि त्याच कामासाठी असलेली ग्राफिक्स चिप रिकामी बसली होती. जोडीतल्या एका बैलानं वखर ओढावा आणि दुसऱ्यानं बांधावर रवंथ करावं, तसा प्रकार. त्यानं चिपेचा ड्रायव्हर टाकला, ब्राउझरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर अ‍ॅक्सलरेशन सुरू करून ते ओझं चिपवर दिलं, आणि एकामागून एक व्हिडिओ लावून पाहिले. चित्र सरसर चालू लागलं. पंखाही गप्प झाला.

त्यानं अकोल्याला कॉल लावला आणि मायला समोर बसवलं. रूपालीचा चेहरा पडद्यावर आला, डोळे आधीच भरलेले. लीलाबाई पडद्याला नाक लावायचीच काय ती बाकी होती.

"उजेडाकडं तोंड कर," ती लेकीला म्हणाली. मग मनोजला, "अन् तू जाय रे बाहेर."

मनोज दारापुढच्या फुलांच्या मळ्यात गेला. वाफ्यांतलं तण काढता काढता त्याचा जीव दारातच अडकला होता. आता माय उठून बाहेर येईल, मग येईल. माय आली नाही. मग तिचं रडू ऐकू आलं, आणि थोड्या वेळानं खळखळून हसू. मनोजनं हातातलं तण तिथंच टाकलं.

तो आत गेला तेव्हा लीलाबाई पदरानं डोळे पुसत होती.

"महालक्ष्म्याच्या सणाले येऊन राहिली ते. म्या बोलावलं. जावई भाकरी थापतेत म्हणे, पण एक गोल होत नाई. अन् तू मामा होऊन राहिला, तिसरा महिना लागला तिले."

मनोज हरखून पडद्यापुढं वाकला. "काय वं रूपे, मले नाई सांगितलं?"

रूपाली हसून काहीतरी बोलली. ओठ झकास हलले, आवाज मात्र आला नाही. पुन्हा बिघडलं वाटतं, म्हणून त्यानं कोपऱ्यातलं चिन्ह पाहिलं. दुपारी व्हिडिओंचा गलका नको म्हणून त्यानं स्पीकर बंद केला होता. तो मघापासून बंदच होता, आणि माय रूपालीच्या ओठांकडं टक लावून तिच्या बोलण्यावर हसत होती.