एक लाख एक

जकात नाक्यावरच्या फलकावर शहराच्या लोकसंख्येचा आकडा होता एक लाख, आणि हेमांगी घरत सकाळपासून त्याच्याकडे बघत येरझाऱ्या घालत होती. आकडा एकानेही खाली गेला, की शहराची पुन्हा ग्रामपंचायत व्हायची आणि फलकाला जोडलेलं यंत्र धरणाचं पाणी आपोआप तोडायचं. म्हणून इथे एक जन्मल्याशिवाय दुसऱ्याला फाटक उघडत नसे. हेमांगीला पुण्याच्या नोकरीवर आजच रुजू व्हायचं होतं, नाहीतर नोकरी गेलीच.

"काका, भोईरांच्या सुनेचं काय झालं?" तिने सातव्यांदा विचारलं.

"कळा सुरू आहेत. तिच्यापेक्षा तूच जास्त कण्हतेस," नाकेदार म्हात्रे म्हणाले. "या गावाचं शहर व्हायला तीनशे वर्षं लागली. तुला तासभर धीर निघेना?" त्यांनी खुर्चीखालची बॅग पायाने आत सारली. गेली एकोणीस वर्षं ती तिथेच असायची. तिच्यात डबा असेल, असं सगळे धरून चालले होते.

पावणेबाराला फलक वाजला. एक लाख एक. भोईरांना नात झाली होती. फाटक वर गेलं.

हेमांगीला भरून आलं. गाव सोडताना मोठ्यांच्या पाया पडायचं, हे घरचं वळण. ती काकांसमोर वाकली. हात जमिनीला लागले. पाय तिथे नव्हते.

तिने मान वर केली तेव्हा म्हात्रेकाका बॅगेसकट फाटकापलीकडे पोचले होते. आकडा पुन्हा एक लाख झाला आणि फाटक पडलं.

"सुखी राहा," ते पलीकडून म्हणाले. "चहा चारला येतो."

हेमांगी त्यांच्या खुर्चीत बसली, सूटकेस खाली सारली आणि प्रसूतिगृहाला फोन लावला.

"आता कोणाची तारीख आहे?"