मार्थाबाईंची दुनळी

परीक्षितला पक्ष्यांच्या शिकारीसाठी जुनी दुनळी बंदूक हवी होती. दोन वर्षं शोधल्यावर इंग्लंडमधल्या श्रूजबरीजवळच्या एका फार्मवर ती सापडली. मालकीण मार्थाबाई ऐंशीच्या. दिवंगत नवऱ्याची ही बंदूक भिंतीवर टांगायला मागणाऱ्या दोघांना त्यांनी आधीच वाटेला लावलं होतं.

परीक्षितनं बंदूक खांद्याला लावून पाहिली. जणू त्याच्याच मापानं घडवलेली!

"आजवर किती पक्षी पाडलेत?" बाईंनी विचारलं.

परीक्षितनं छाती फुगवली, पण त्याच्या आधी त्याची बायको रेणूच बोलली, "खरं सांगू? तीन सीझन झाले, दर शनिवारी जातो. अजून एकही नाही."

सौदा फिसकटलाच असं समजून परीक्षितनं बंदूक टेबलावर ठेवली.

मार्थाबाई मात्र डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. "आमच्या वॉल्टरलाही चाळीस वर्षांत एक पाडता आला नाही!" बंदूक पुन्हा त्याच्या हातात देऊन त्या आत गेल्या आणि आपली शिकारी कुत्री घेऊन आल्या.


"मग डेझीलाही तुम्हीच न्या. पडलेला पक्षी तिनं कधी पाहिलेला नाही, दुसऱ्या कुणाकडे गेली तर घाबरेल बिचारी!"